जलसमाधी दिलेल्या नौका



जहाज बुडाले असे म्हटले की आपल्या मनात उमटतो तो भाव अरिष्टाचा असतो. ज्याचे तारू सुखरूप बंदराला लागले तो भाग्यवान आणि ज्याचे मध्येच फुटले तो दैवहत, ही समजूत कोकणच्या दर्यावर्दी घराण्यांपासून देशावरच्या शेतकऱ्यापर्यंत सर्वत्र रूढ आहे. अशा समाजापुढे उभे राहून, तरंगण्यास अद्याप समर्थ असलेली एखादी प्रचंड युद्धनौका सरकारने दिवस नेमून, स्फोटके लावून, प्रेक्षकांच्या साक्षीने सागरतळाशी पाठवावी, पुढे तिच्या सांगाड्यात मासळी नांदावी आणि पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेल्या हौशी पाणबुड्यांनी तो संसार पाहण्यास खाली उतरावे, या उद्योगाविषयी बोलणे काहीसे धाडसाचे आहे. परंतु हा उद्योग आता अमेरिकेच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापुरता राहिलेला नसून सिंधुदुर्गाच्या दारात येऊन उभा आहे. तेव्हा त्याचा गुणदोषविचार सावकाशीने आणि दप्तरी पुराव्यानिशी करणे अवश्य आहे. माझे म्हणणे एकच आहे, ते आरंभीच सांगून टाकतो. नौका बुडविणे हे या कामाचे सर्वांत सोपे व अल्पावधीचे अंग होय. तिला समुद्राच्या स्वाधीन करण्याजोगी निर्मळ करणे हे त्यापूर्वीचे, आणि ती तेथे काय करते यावर वर्षानुवर्षे नजर ठेवणे हे त्यानंतरचे, अशी दोन दीर्घ कर्तव्ये जेथे पार पाडली जातात तेथेच या उपक्रमास नैतिक अधिष्ठान लाभते, आणि जेथे ती टाळली जातात तेथे उरते ती केवळ भंगाराची विल्हेवाट.

समुद्रात काहीतरी टाकून मासळी जमविण्याची युक्ती मात्र नवी नाही. केरळच्या दक्षिण टोकाकडील मच्छीमार दगड, माडाची खोडे आणि झावळ्या वाळवंटी तळावर नेऊन सोडीत आले आहेत, आणि जपानातही या विद्येची परंपरा काही शतकांची आहे. अमेरिकेने तिला सरकारी स्वरूप दिले ते १९७२ साली. दुसऱ्या महायुद्धात घाईघाईने बांधलेली, ‘लिबर्टी’ या वर्गनामाने ओळखली जाणारी मालवाहू जहाजे शेकड्यांनी गंजत पडली होती. त्यांतील काही किनाऱ्यावरच्या राज्यांना कृत्रिम खडप करण्यासाठी देण्याची तजवीज त्या वर्षीच्या एका कायद्याने झाली. पुढे कॅनडाने ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, ऑस्ट्रेलियाने आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि ब्रिटनने २००४ साली ‘स्किला’ ही फ्रिगेट कॉर्नवॉलजवळ बुडवून तोच मार्ग धरला.

लोखंडाच्या भिंतीचे खडप होते कसे, हे जवळून पाहण्याजोगे आहे. पोलाद पाण्यात गेल्यापासून थोड्याच अवधीत त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. तो थर हाच पुढच्या वसाहतीचा पाया. मग तेथे बार्नॅकलची अळी येते. टाचणीच्या डोक्याहून लहान असलेला हा जीव आपल्या दोन स्पर्शिकांवर अक्षरशः चालत, पृष्ठभाग चाचपीत, एक जागा नापसंत करून दुसरीकडे जात हिंडतो. जागा मनास आली की डोके खाली रोवून स्वतःच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याने तेथे कायमचा जखडला जातो, अंगाभोवती चुन्याच्या पाकळ्यांचा किल्ला रचतो, आणि उरलेले सारे आयुष्य किल्ल्याच्या तोंडातून पाय बाहेर काढून, त्यांच्या पिसासारख्या जुडग्याने प्रवाहातील अन्नकण ओढून घेण्यात घालवितो. त्याच्यामागून हायड्रॉइड, स्पंज, शिंपले, मऊ प्रवाळ येतात. त्यांत लपण्यास खेकडे, खेकड्यांवर टपलेले लहान मासे आणि लहानांवर टपलेले मोठे. यांखेरीज उभ्या भिंतीचे आणखी एक कार्य असते. सपाट वाळूवरून वाहणाऱ्या प्रवाहाच्या आड ती आली की पाणी वर उसळते, भोवरे पडतात, आणि त्या भोवऱ्यांच्या आडोशाला, फारसे पोहण्याचे श्रम न घेता, माशांचे थवेच्या थवे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात.

या साऱ्या उद्योगाचे यशापयश एकाच नौकेच्या चरित्रात पाहावयाचे तर ती नौका ‘ओरिस्कनी’. १९४५ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरलेली आणि १९५० च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या आरमारात रुजू झालेली ही विमानवाहू नौका कोरियाच्या व व्हिएतनामच्या युद्धांत लढली. २६ ऑक्टोबर १९६६ रोजी तिच्या पोटात मॅग्नेशियमच्या प्रकाशबाणाने पेट घेतला आणि त्या आगीत ४४ माणसे मृत्युमुखी पडली; बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेस, तिच्यावरून उडालेला जॉन मॅकेन हा वैमानिक हानोईवर पाडला जाऊन साडेपाच वर्षांच्या बंदिवासात पडला. १९७६ साली ती सेवेतून निवृत्त झाली, नव्वदीच्या दशकात भंगारात विकली गेली, आणि मक्तेदाराकडून काम पुढे सरकेना तेव्हा सरकारने १९९७ साली ती परत ताब्यात घेतली. नऊशे फूट लांबीचे हे धूड ठेवावे कोठे आणि करावे काय, हा प्रश्न तेव्हा आरमारी खात्यापुढे उभा राहिला. मोडीत काढण्याचा खर्च, पहाऱ्याचा खर्च आणि वर्षागणिक वाढणारा गंज यांच्या हिशेबातून तिला समुद्रतळाशी बसविण्याचा विचार पुढे आला. निसर्गप्रेमातून नव्हे, अडचणीतून हा उपक्रम जन्मला, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. अडचणीतून जन्मलेले पुष्कळसे उपक्रम पुढे लोकोपयोगी ठरले आहेत.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. जुनी युद्धनौका म्हणजे तेल, ॲस्बेस्टॉस, शिसेमिश्रित रंग, पारा आणि विजेच्या तारांच्या वेष्टनात मुरलेली ‘पीसीबी’ नामक रसायने यांचे आगर. पीसीबी ही द्रव्ये कुजत नाहीत, चरबीत साठत जातात, आणि लहान माशातून मोठ्यात व मोठ्यातून माणसात चढतात. ‘ओरिस्कनी’ टेक्सासच्या गोदीत नेऊन महिनोन् महिने खरवडली गेली, टाक्या धुतल्या गेल्या, लाकडी उड्डाणफळ्या उपटल्या गेल्या. तरीही तारांच्या वेष्टनात सुमारे ७५० पौंड पीसीबी राहिलेच, कारण ते काढावयाचे तर नौका उभी चिरावी लागली असती. पर्यावरण-संरक्षण खात्याने धोक्याचे गणित मांडून २००६ च्या फेब्रुवारीत मंजुरी दिली. या निर्णयावर टीका करणारे होते आणि त्यांची टीका निराधार नव्हती. तथापि मला महत्त्वाचे वाटते ते हे की किती विष राहिले याचा आकडा प्रसिद्ध झाला, त्यावर जाहीर वाद झाला, आणि नौका बुडाल्यावर फ्लोरिडा राज्याने तेथील माशांच्या मांसाची तपासणी अनेक वर्षे चालू ठेवली. आरंभीच्या काळात काही माशांत पीसीबीचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि पुढे ते उतरत गेले. हे आपल्याला आज सांगता येते, कारण कोणीतरी दरवर्षी मासे पकडून, तुकडे करून, प्रयोगशाळेत पाठवून त्याची नोंद ठेवली. ज्या सरकारला आपल्या कृतीविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करण्याचे धैर्य असते, त्याच्या हाती सागर सोपविण्यास हरकत नसावी.

१७ मे २००६ रोजी, पेन्साकोला शहरापासून वीस मैलांहून अधिक दूर, मेक्सिकोच्या आखातात स्फोट झाले आणि ३७ मिनिटांत ‘ओरिस्कनी’ पिछाडीकडून खाली गेली. तिच्यावर उमेदीची वर्षे घालविलेले वृद्ध नौसैनिक आसपासच्या नावांतून हे पाहत होते. २१२ फूट पाण्यात ती उभी बसली, हे अभियंत्यांचे मोठेच यश. पण समुद्राने दोन वर्षांतच आपला अधिकार बजावला. २००८ साली ‘गुस्ताव’ चक्रीवादळाच्या लाटांनी ती आणखी सुमारे दहा फूट वाळूत रुतली, आणि १३५ फुटांवर असलेला उड्डाणडेक १४५ फुटांवर गेला.

विचित्र योग असा की ‘ओरिस्कनी’ बुडाली त्याच तारखेस, चार वर्षे आधी, १७ मे २००२ रोजी, फ्लोरिडाच्याच ‘की लार्गो’ बेटाजवळ ‘स्पीगेल ग्रोव्ह’ ही नौका नियोजित वेळेच्या काही तास अगोदर आपणच कलंडून उलटी बुडाली होती, आणि तिची नाळ पाण्याबाहेर राहून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना धोका होऊन बसली होती. मोठ्या खर्चाने तिला कुशीवर पाडण्यात आले. पुढे २००५ च्या जुलैत ‘डेनिस’ वादळाने ५१० फुटांची ती नौका तळावरच सरळ उभी केली. माणसांना जे साधले नाही ते वादळाने केले, याचे तेव्हा पुष्कळ कौतुक झाले. मला त्यात कौतुकापेक्षा इशारा अधिक दिसतो.

फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावरील आणखी एका प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही. सत्तरीच्या दशकात फोर्ट लॉडरडेलजवळ मोटारींचे लाखो जुने टायर जुड्या बांधून समुद्रात सोडण्यात आले. हेतू खडपाचाच होता. जुड्यांच्या बांधण्या गंजून तुटल्या, टायर लाटांबरोबर मोकाट फिरू लागले, त्यांवर काही रुजले तर नाहीच, उलट जवळच्या जिवंत प्रवाळावर आपटून त्यांनी तो मोडला. आज ते एकेक करून वर काढण्याचे काम चालू असून ते कधी संपेल हे कोणी सांगू शकत नाही. हेतू शुद्ध होता; देखरेख नव्हती.

आता पाणबुड्याविषयी. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून चाळीस मीटरवर माणूस पृष्ठभागाच्या पाचपट दाट हवा घेतो, आणि जी हवा वर तासभर पुरती ती तेथे बारा मिनिटांत संपते. दाट हवेतील नत्रवायू मज्जातंतूंवर मद्यासारखा अंमल करतो. तिसाव्या मीटरच्या आसपास शहाणा मनुष्यही क्षुल्लक गोष्टीवर हसू लागतो, किंवा मापक बघूनही त्यावरचा आकडा त्याच्या ध्यानात उतरत नाही. रक्तात मुरलेला हाच वायू घाईने वर येणाऱ्याच्या सांध्यांत व मज्जारज्जूत बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. या व्याधीचे गणित १९०८ साली जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून मांडले आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके सिद्ध केली. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धात दाबाच्या कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन तेच शास्त्र पुढे नेले, आणि उत्तरायुष्यात भारताचे नागरिकत्व पत्करून १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवला. मालवणच्या समुद्रात आज जो तरुण हातावरच्या यंत्राकडे पाहून पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतो, त्याच्या त्या तीन मिनिटांमागे या पितापुत्रांची पुण्याई आहे.

‘ओरिस्कनी’चा माथा पंचवीस-तीस मीटरांवर आहे, म्हणून हौशी पाणबुड्याची सफर बहुधा तिच्या मनोऱ्याभोवतीच होते. तांबडा रंग पाण्यात प्रथम मावळतो, म्हणून तेथे सारे जग निळे-राखी. पण पाणबुड्याने विजेरी पेटविताच भिंतीवरचा स्पंज केशरी होऊन उजळतो आणि जेथे केवळ गंज वाटत होता तेथे जिवंत वस्ती दिसू लागते. मनोऱ्याच्या ज्या खिडक्यांतून एके काळी नौकाधिपती समुद्राकडे पाहत होता त्यांतून आता मासे ये-जा करतात. खाली उड्डाणडेक अंधुक पसरलेला असतो. तेथवर जाण्याचा मोह होतो, आणि विशेष शिक्षण नसलेल्याने तो आवरावयाचा असतो.

याहून घातक मोह आत शिरण्याचा. नौकेचे अंतरंग म्हणजे गल्ल्या, जिने, कोठड्या आणि त्या सर्वांवर बसलेला पिठासारखा मऊ गाळ. पायातील पंखाचा एक अवधानशून्य फटकारा बसला की तो गाळ उठतो आणि हातातील विजेरीचा झोत जणू भिंतीवर आदळून परत येतो. मग आलेले दार कोणते हे आठवणीवर सोपवून चालत नाही, त्यासाठी प्रवेशापासून सोडीत आणलेली दोरी हातात असावी लागते. म्हणूनच हवेचा एक तृतीयांश आत जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास आणि उरलेला संकटासाठी, असा दंडक आहे. २००७ च्या मार्चमध्ये ‘स्पीगेल ग्रोव्ह’च्या आत तीन पाणबुड्यांचा अंत झाला, ते नवखे नव्हते, पण त्यांनी मार्गदोरी वापरली नव्हती. जबाबदारीने बुडविलेल्या नौकेत गोदीतच दारे काढून टाकतात, भिंतींना माणूस सहज जाईल एवढी भगदाडे पाडतात, लोंबत्या तारा तोडतात आणि खोल कोठड्या कायमच्या सांधून टाकतात. कोणत्या भिंतीत किती रुंद भगदाड पाडावे हे ठरविणारा कारागीर अनोळखी माणसांचे प्राण वर्षानुवर्षे आधी वाचवीत असतो.

मासळीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण वादाचे खरे मूळ तेथे आहे. बुडालेल्या नौकेभोवती मासे दिसतात यात शंका नाही. पण ते तेथे निपजले, की आजूबाजूच्या खडपांतून येऊन गोळा झाले? शास्त्रज्ञांत हा वाद गेली कित्येक दशके चालू आहे, आणि त्याचे उत्तर माशाच्या जातीवर व स्थळावर अवलंबून असते. निवाऱ्यावाचून ज्यांची पिले मरतात त्यांना नवा निवारा खरोखर उपकारक; पण विखुरलेला मासा एका ठिकाणी जमला आणि तेथे गळ व जाळी मोकाट पडली, तर खडप पोशिंदा न ठरता सापळा ठरतो. मेक्सिकोच्या आखातात आणखीही एक उपद्रव झाला. हिंदी व प्रशांत महासागरांतील लायनफिश हा विषारी काट्यांचा मासा अटलांटिकमध्ये शिरून २०१० च्या सुमारास उत्तर आखातात पोहोचला, आणि तेथील कृत्रिम खडपांवर त्याने एवढी दाटी केली की त्याला मारण्यासाठी पाणबुड्यांच्या स्पर्धा भरवाव्या लागल्या. नवा निवारा बांधला म्हणजे त्यात कोण राहावयास येईल हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही.

आता आपल्या दारातील गोष्ट. आपल्या नौदलाच्या निवृत्त विमानवाहू नौकांपैकी ‘विक्रांत’ २०१४ साली मुंबईत मोडीत गेली. ‘विराट’चे सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ संग्रहालय करण्याची ८५२ कोटी रुपयांची योजना महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ च्या नोव्हेंबरात मंजूर केली होती, ती तडीस गेली नाही, आणि २०२० च्या सप्टेंबरात ‘विराट’ अलंगच्या किनाऱ्यावर भंगारासाठी चढली. त्यानंतर निवड झाली ती ‘गुलदार’ची. पोलंडमध्ये बांधलेली, ३० डिसेंबर १९८५ रोजी आपल्या नौदलात दाखल झालेली, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविण्यासाठी पुढून उघडणारी ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कारवार येथे महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाच्या स्वाधीन झाली. तिला निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून सागरी संग्रहालय व कृत्रिम खडप करावयाचे आहे. या बेताचे मी मनापासून स्वागत करतो. चौऱ्याऐंशी मीटरांची ही नौका ‘ओरिस्कनी’च्या एक तृतीयांशाहूनही लहान, तिचा रणगाड्यांचा लांब मोकळा मजला शिकाऊ पाणबुड्यांना सोयीचा आहे, आणि तारकर्लीच्या प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या स्थानिक मुलांना आपल्याच पाण्यात मानाचा रोजगार मिळणार आहे.

परंतु पेन्साकोला आणि निवती यांत मूलभूत भेद आहे. तेथे मैलोगणती सपाट वाळू होती. तळ ओसाड होता, म्हणून उभी भिंत वरदान ठरली. आपल्या या पट्ट्यात खडप मुळातच आहे. वेंगुर्ल्याचे खडक, निवतीचे खडक, आणि १९८७ पासून अभयारण्य म्हणून घोषित झालेला मालवणचा समुद्र. येथले तांबोशी आणि गोब्रा हे मासे नैसर्गिक कातळातून उठून ‘गुलदार’च्या पोटात गेले तर समुद्राच्या संपत्तीत भर कोणती पडली? याचे उत्तर तर्काने मिळणार नाही. नौका बसण्यापूर्वी आसपासच्या कातळांवरची गणती आणि बसल्यानंतरची गणती यांची तुलना करूनच मिळेल, आणि पहिली गणती एकदा हुकली की ती पुन्हा कधीच करता येत नाही. दुसरा भेद पावसाळ्याचा. ‘गुस्ताव’ आणि ‘डेनिस’ ही वादळे कधीकाळी येणारी. आपला नैर्ऋत्य मोसमी समुद्र दरसाल जूनपासून चार महिने उसळतो, आणि मेक्सिकोच्या आखातातील त्या खोलीशी तुलना करता येथील पाणी उथळ असल्याने लाटांचा जोर तळापर्यंत पोहोचतो. प्रत्येक पावसाळ्यानंतर, पहिला पर्यटक खाली उतरण्यापूर्वी, नौका किती सरली, किती कलली, कोणता पत्रा सुटला, याचा पंचनामा झालाच पाहिजे.

आणि मच्छीमार. त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकणारे गाबित बांधव या योजनेत प्रेक्षक म्हणून उभे राहणार असतील तर ती योजना अन्यायाची होईल. नौकेभोवती किती हद्दीत जाळी टाकू नये हे ठरवावे लागेल, पण ते त्यांना बरोबर बसवून ठरवावे. ज्याच्या हद्दीतून मासेमारीचे क्षेत्र वजा होईल त्याला मोबदल्यात पाणबुड्यांच्या होड्यांचा परवाना अग्रहक्काने मिळावा. ‘गुलदार’ धुऊन काढताना तिच्यातून काय निघाले आणि काय राहिले याचा तपशील, कातळांवरची पहिली गणती आणि दरसालचा पंचनामा हे कागद मुंबईच्या कचेरीत बंद न राहता मराठीत लिहून वेंगुर्ल्याच्या व मालवणच्या मच्छीमार संस्थांत कोणालाही पाहता येतील असे ठेवावेत. आणि तपासनीस दहाव्या वर्षी जेव्हा त्या नौकेपाशी उतरेल तेव्हाच्या त्याच्या होडीच्या भाड्याची, प्रयोगशाळेच्या फीची व पगाराची रक्कम आजच्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र खाती बाजूस काढून ठेवावी, इतकी माझी या व्यासपीठावरून सरकारास विनंती आहे.